अक्काला गाडीतून उतरवलं

बीदरकडं जाणारी सकाळची गाडी आमच्या स्टेशनात दोनच मिनिटं थांबायची. फलाट कसला, मुरूम टाकलेली पट्टी. त्या दिवशी मी आणि माझी थोरली बहीण अक्का ट्रंका घेऊन डब्यात बसलो होतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बीदरला मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी आम्हां दोघींना बोलावणं आलं होतं. अक्का अठराची, मी सोळाची. मराठी, कानडी, उर्दू, तिन्ही तिला माझ्याहून चांगल्या यायच्या.

गाडी सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात आमचे वडील, अप्पा, धापा टाकत आले. हातात औरादच्या पाव्हण्यांची चिठ्ठी. खिडकीतूनच अक्काला म्हणाले, "उतर खाली. त्यान्ला नोकरी करणारी सून नको म्हनं."

"लग्न ठरलं न्हाई अजून, अप्पा."

"ठरलंय. उतर."

स्टेशनमास्तर हिरवं निशाण खाली धरून उभे राहिले. "जाने देव ना, अप्पासाब. टिकटां कट गये," ते म्हणाले. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डब्यात चढले, एका हातात तिची ट्रंक घेतली, दुसऱ्यात तिचं मनगट. डबा सगळा ओळखीचा, रोज बीदरला जाणारे कारकून आणि दूधवाले. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी उठले, तर अक्कानं खांदा दाबून मला खाली बसवलं.

"तू कामून उठायलीस? बस."

मी बसले. गाडी हलली.

पुढं उदगीरला मराठी शाळेत लागले. छप्पनला राज्यं वाटली गेली. उदगीर मुंबई राज्यात, आमचं गाव म्हैसुरात. मग लातूर, मग पुणं. "जायलाय" म्हटलं की स्टाफरूममध्ये हसायचे, म्हणून "जातोय" म्हणायला शिकले. त्याचाही राग येतो.

अक्काच्या लेकरांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. अप्पा वारले तेव्हा तुम्ही चारचौघांत सांगितलंत, "आजोबांनी त्या काळात पोरीला शिकवलं." एका पोरीला! दुसरीला भरल्या डब्यातून ओढून नेलं, ती तुमची आई. वर म्हणता, आईला शिकायची हौसच नव्हती. कुणी सांगितलं? तुमची गणितं चुलीपुढं बसून कोण सोडवून द्यायचं?

अप्पांना जाब विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. अक्काला एकदा विचारलं, "तुला राग येत न्हाई का गं?"

भाकरी थापत ती म्हणाली, "येतो की. पर काढू कुणावर? तू तर गेलीस."



आम्ही जन्मलो ते घर विकलं गेलं. आता माझं माहेर म्हणजे अक्काचं सासर. दरवर्षी चार दिवस औरादला जाते. तिच्या भिंतीवर अप्पांचा फोटो आहे. सणाला ती त्याला हार घालते. मी घालत नाही, आणि घाल म्हणून ती मला कधी सांगत नाही.