गणपतीची भिंत पांढरी केली त्याची गोष्ट

आमच्या मुलीची खेळायची खोली बघून लोक म्हणतात, किती शांत वाटतं गो इथे. मी लगेच विषय बदलते.

ती खोली मी मोबाइलवर बघून ठरवली. स्कॅन्डिनेव्हियन पद्धत. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, मुलीचा हात पोचेल अशी बुटकी शेल्फं, वेताच्या टोपल्या. खेळणी सहा-सातच बाहेर, बाकीची कपाटात, आठवड्याने अदलाबदल. कल्पना चांगलीच होती, आजही चांगली वाटते. पण माझ्या डोक्यात ती अशी शिरली की घरातली माणसं दिसेनाशी झाली.

उजेडाची खोली घरात एकच, आणि तिथे आमचा गणपती बसतो. आमच्याकडे मालवणात गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवतात. आमच्या घरी हे काम सासऱ्यांचं. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, पण श्रावण लागला की ब्रश हातात. आधीचं चित्र घासून काढायचं, चुना लावायचा, वर नवं चित्र. गेल्या वर्षी त्यांनी विजयदुर्ग काढला, खाली समुद्र, समुद्रात होडी आणि होडीत तांबड्या फ्रॉकमधली आमची मुलगी. चार दिवसांच्या कामाला वीस दिवस लागले. हातात कंपवात शिरला होता. किल्ल्याची तटबंदी चांगलीच वाकडी झाली, आणि ह्यापुढे ब्रश धरायचा नाही असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मे महिन्यात मी त्यांना विचारलं, बाबा, ती भिंत पांढरी केली तर चालेल का?

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "दर वर्साक पुसतंवच मां आम्ही. पूस."

दरवर्षी ते नवं काढण्यासाठी पुसत. यंदा नवं काही येणार नव्हतं. त्यांचा चेहरा मला वाचता आला होता, आणि मी वाचता न आल्यासारखं केलं. होकार मिळाला ना, मग झालं. मला माझी शेल्फं लावायची घाई होती.

रंगारी दुसऱ्या दिवशी येणार होता. भिंत मात्र परक्या माणसाने घासलेली त्यांना चालेना. सकाळीच खाली वर्तमानपत्रं पसरून, पॉलिश पेपर घेऊन ते स्वतः उभे राहिले. मी कामात होते. दुपारी चहा घेऊन गेले तर किल्ला गेला होता, समुद्र गेला होता, होडीही गेली होती. एवढ्या मोठ्या भिंतीवर फक्त तांबड्या फ्रॉकमधली मुलगी उरली होती.

त्यांनी पॉलिश पेपर माझ्यापुढे धरला.

"एवढा तूच काढ गो. माझो हात थरथरता."

त्याच हाताने त्यांनी सकाळपासून अख्खी भिंत घासली होती. तेव्हासुद्धा मला राहू दे म्हणता आलं असतं. बाबा, आपण हे ठेवू, एवढंच वाक्य. ते तोंडाशी आलं होतं, पण त्या पांढऱ्या भिंतीत ते चित्र कसं दिसेल हा विचार त्याच्या आधी आला. ह्याची मला आजही लाज वाटते.

मी घासलं. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. ते बाजूला उभे राहून बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी वाकून भिंत नीट न्याहाळली.

"खाली थोडा तांबडा रवला हा," ते म्हणाले.

मी तेही काढलं.