चोक धरायला माणूस

भिवंडीत थंडी कुठली, म्हणून लोक हसतात. हसू देत. दिवाळी सरली की माझी मोटरसायकल सकाळी चोकशिवाय चालू होत न्हाय, एवढी थंडी हाय. आणि चोकचा खटका कधीचाच गेलेला. वर ओढला की आपोआप खाली पडतो. म्हणून दोन माणसं लागायची. उजवीकडनं मी किक मारायची, डावीकडं बायकोनं उकिडवं बसून बोटानं चोक वर धरायचा. भाकरी थापता थापता उठून यायची, हाताला तांदळाचं पीठ तसंच. आवाज भरला की बरोबर सोडायची.

बारा हिवाळे म्हणत होती, एवढं करून टाका. मी जन्मभर लूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. दहा मिनिटांचं काम. उद्या करतो म्हणायचो. तेराव्या साली दिवाळीच्या आधीच ती तापानं गेली.

मग थंडी आली. ती सांगत होती तेव्हा केलं न्हाय, आता कुणाच्या सोयीसाठी करू? ठरवलं, चोक तसाच ठेवायचा. पण धरणार कोण?

समोर एक लूमवाले राहतात, गल्ली त्यांना चाचा म्हणते. माझ्याच वयाचे, धंदा आता मुलं बघतात. ते आपणहून आले. गुडघे गेलेले, उकिडवं बसता येईना, तर मी स्वयंपाकघरातला पाट दिला. पाटावर असे बसायचे, जसं कोणी जेवायला वाढणार हाय. चोक सोडायचे मात्र कधी लवकर, कधी उशिरा. मी ओरडलो की म्हणायचे, तुझी किक ढिली. अर्ध्या तासानं गाडी चालू झाली की दोघं उभं राहून बघायचो. जायचं कुठंच नसायचं. गरम झाली की बंद करायची, फडक्यानं पुसायची, चहा प्यायचा.

कशेळीला दिलेल्या मुलीला हे कळलं. तिनं मला न विचारता मेकॅनिक पाठवला. तो दारात आला तेव्हा चाचा पाटावर, बोट चोकवर, माझा पाय किकवर.

मी म्हणालो, "गाडी घरात न्हाय. कल्याणला गेलीय."

तो गाडीकडं बघत राहिला. "मग ही?"

"ये मेरी है," चाचा बसल्या बसल्या म्हणाले.

"मग तुमची करून देतो, चाचा. दहा मिनिटं लागतील."

चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग त्याला म्हणाले, "बेटा, इस चोक पर आदमी ड्यूटी पे है. देख नहीं रहा?"

मेकॅनिक गेला. मुलीला काय सांगितलं कोण जाणे, चार दिवस तिचा फोन न्हाय. पाचव्या दिवशी केला तेव्हा एवढंच विचारलं, चाचांना पाटावर काही अंथरायला देता का.

होळीच्या सुमाराला उकडायला लागलं. दर होळीला बायको म्हणायची, सुटले बाई त्या चोकमधनं, आणि त्यानंतर अंगणात गाडीकडं फिरकायची न्हाय. तर त्या सकाळी चाचा अजून पाटावर टेकत होते, मी सवयीनं किक मारली आणि गाडी चालू झाली. पहिल्या किकला. चोकला कुणाचा हात न्हाय. चाचा अर्धे बसलेले, तसेच राहिले.

मी चावी फिरवून गाडी बंद केली.

"क्या हुआ?"

"गरम हाय अजून," मी म्हणालो. "थंड होऊ दे."

चाचा पाटावर नीट बसले, बोट चोकवर ठेवलं. मी बाजूला उभा. ऊन चढत होतं, आणि गाडी काही थंड होईना.