ज्वारीच्या पिठाखाली

बातमी आली तेव्हा मी आठवीच्या गणिताच्या वह्या तपासत होते. मधली सुट्टी नुकतीच झाली होती. स्टाफरूममध्ये आधी एकीचा फोन वाजला, मग दुसरीचा, मग सगळ्यांचेच फोन टेबलावर थरथरायला लागले. उमरेड रोडच्या आश्रमातल्या महाराजांनी देह ठेवला. शाळेच्या ग्रुपवर पहिल्या मिनिटाला जोडलेले हात आले, दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी हसरा चेहरा टाकला आणि तिसऱ्या मिनिटाला भांडण जुंपलं. पाणी भरणाऱ्या शेवंताबाई दाराशीच मटकन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांच्या नवऱ्याची दारू महाराजांनी सोडवली होती. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, लोक सुटले." आणि कुंदा, गेली अठरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी माझी मैत्रीण, पर्स उचलून बाहेर गेली आणि दहा मिनिटांत पेढ्यांचा पुडा घेऊन आली. पहिला पेढा तिने मला दिला. "घे वं सुमन, तोंड गोड कर. माझ्या आईले खाल्लं त्यानं. गेला एकदाचा." मी पेढा घेतला. खाल्ला. चांगला होता, हेही लिहून टाकते, कारण लपवायचं तेवढं आजवर लपवून झालं. ज्याच्या मरणाचा तो पेढा होता, तो माझा सख्खा धाकटा भाऊ होता. वसंता.

दीक्षेनंतरचं त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नागपूरकरांना सांगायची गरज नाही आणि इतरांना सांगून उपयोग नाही. माझ्यासाठी तो वसंताच होता, आणि शाळेत मी कोणाला कधी सांगितलं नाही की तो माझा कोणी लागतो. लग्नानंतर आडनाव बदललं, ते किती सोयीचं पडतं हे मला त्याच्यामुळे कळलं. त्या दिवशी घरी आल्यावर आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, "आंघोळ करतेस ना? सुतक..." मी फटकन म्हटलं, "संन्याशाचं कसलं सुतक? त्याने स्वतःचं पिंडदान स्वतःच करून ठेवलंय. वीस वर्षांपूर्वीच मेला तो आपल्याला." शास्त्र अगदी बरोबर होतं. देवापुढे दिवा लावला, कुकर लावला, आणि डाळीला फोडणी देताना लक्षात आलं की दाताच्या फटीत अजून पेढ्याचा कण आहे. मोरीत जाऊन मी इतक्या चुळा भरल्या की हे दार वाजवायला लागले.

आम्ही विणकर. बाबा हातमागावर लुगडी विणायचे, आई सुताला खळ लावायची, आणि मी नि वसंता चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरायचो. म्हणजे मी भरायची. ह्याचं तोंड चरख्यापेक्षा जास्त चालायचं. गोष्ट अशी रंगवून सांगायचा की ती संपेपर्यंत त्याच्या वाटणीच्या कांड्याही माझ्याच हातून भरून व्हायच्या. पुढे हातमागाचा धंदा बसला, वसंता गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागला, आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बाया दुकानाचं नाव न घेता "तो गोडबोल्या पोरगा कुठी हाय?" म्हणून विचारायच्या. बाबा प्यायचे. प्यायले की मागावर चढवलेलं लुगडं फाडायचे, आणि मग ते जोडायला आई रडत बसायची. एकोणीस वर्षांचा वसंता एक दिवस उंबऱ्यावर जाऊन बसला. म्हणाला, "तुम्ही सोडान तेव्हाच मी घास घेईन, बाबा." पहिल्या दिवशी बाबांनी शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी लाथ मारली, तिसऱ्या दिवशी बघूनही न बघितल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी बाबा त्याच्यासमोर ताट घेऊन आले आणि त्या ताटातच डोकं टेकवून रडले. पुन्हा त्यांनी शेवटपर्यंत थेंबाला हात लावला नाही. लोक त्याचे नाही नाही ते चमत्कार सांगतात, ते सगळे झूट आहेत. हा मात्र झाला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

मग गल्लीतली घरं झाली, मग वस्ती, मग गावं. दुकान सुटलं, भगवी वस्त्रं आली, आश्रम उभा राहिला. आई दीक्षेच्या दिवशी म्हणाली, "बाईमाणसाचे डोळे पुसता पुसता माह्या डोळ्याकडं पाहाचंच राह्यलं याच्यानं." हजारोंची दारू सुटली असेल, मी नाकारत नाही. पण ज्याच्या शब्दाने बाटली फुटते, त्याला वाटायला लागतं की आपल्या शब्दाने काहीही फुटेल. "विष बाटलीतलं काय अन् पाकिटातलं काय," तो प्रवचनात म्हणायला लागला. गोळ्या सोडा, सुया सोडा, नाम घ्या. लोक व्यासपीठापुढे औषधांची पाकिटं टाकायचे आणि टाळ्या पडायच्या. पेपरांत टीका येऊ लागली, तक्रारी झाल्या, भक्तांनी टीका करणाऱ्यांच्या दारात जाऊन घोषणा दिल्या. मी वर्तमानपत्राचं ते पान घडी करून रद्दीत खाली सरकवून ठेवायची.

आणि त्याच दिवसांत तो माझ्या मनीषनगरच्या घरात चक्कर येऊन पडला. एवढे मोठे महाराज, पण डोक्याला मफलर गुंडाळून आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून पार जरीपटक्याच्या एका डॉक्टरांकडे गेले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. रक्तात साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी दोनदा तपासली. गोळ्या रोज, आयुष्यभर. परत येताना हा पोरासारखा रडवेला झाला होता. "ताई, आश्रमात हे ठेवू कुठी?" उपाय मीच काढला. तो स्वतःची भाकर स्वतः थापून खायचा, त्या पिठाला दुसरं कोणी हात लावत नसे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्टीलच्या डब्यात ज्वारीचं पीठ भरून न्यायची, आणि पिठाखाली, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या. तिथे मी फक्त पिठाची मावशी होते, त्याच्या जुन्या गल्लीतली एक भाविक बाई. वर्षभरात त्या डब्याचंही माहात्म्य वाढलं. महाराज मातेसमान बाईच्या घरच्या पिठाशिवाय अन्न घेत नाहीत, म्हणे! बाया माझ्या डब्याला हात लावून तो हात कपाळाला लावायच्या. मला हसू यायचं. आम्ही दोघंही हसायचो, आत, दार लावून. परत देताना तो डबा कधी रिकामा द्यायचा नाही. आईची शिकवण. साखरफुटाणे, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. "मले चालत नाही, तू खा," म्हणायचा.

कुंदाच्या आईच्या हातची सांबारवडी, कोथिंबिरीची, मी कितीतरी हिवाळे खाल्ली आहे. मी गेले की त्या मला समोर बसवून गरम गरम वाढायच्या आणि नको म्हटलं की रागवायच्या. गेल्या वर्षी कुंदा स्टाफरूममध्ये म्हणाली, "आई महाराजांच्या नादी लागली वं. इन्शुलिनच्या सुया बंद केल्या तिनं. म्हणते, त्याहीले कुठं लागते औषध, कसे तेजस्वी दिसून राहिले." माझ्या समोर वही उघडी होती. मुलींनी गणितात एक पायरी गाळली तरी मी अर्धे गुण कापते, अशी माझी ख्याती आहे. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं : कुंदा, त्याला लागतं, मी स्वतः नेऊन देते. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून घे बाई एकदा." एवढंच. पाच आठवड्यांत त्या गेल्या. मी तेराव्याला जाऊन पंगतीत वाढलं, कुंदाला मिठीत घेतलं, आणि तिथे बसलेल्या बायांनी महाराजांना शिव्या दिल्या तेव्हा मान हलवली.

नंतरच्या रविवारी मी आश्रमात जाऊन त्याच्यावर तुटून पडले. दार लावलेलं होतं तरी आवाज बाहेर गेला असेल, मला पर्वा नव्हती. म्हटलं, "एक बाई मेली रे वसंता. तिने मला जेवू घातलंय. उद्याच्या प्रवचनात सांग, मी गोळ्या खातो म्हणून."  तो म्हणाला, "आज असं सांगितलं तर ज्याहीची दारू सुटली ते उद्या गुत्त्यावर जाऊन बसतीन, ताई. माह्या एका शब्दावर उभे हायेत ते." मी म्हटलं, "म्हणजे फसवतोस." त्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... लहानपणी गोष्ट संपली की बघायचा, तसं. "फसवतो. पण गोळ्या कोण आणून देते?" मी डबा पिशवीत घातला आणि उठले.  निघताना तो म्हणाला, "पुढच्या बारीले पीठच आण फक्त." मला वाटलं, रागावलाय. मी पिशवी पिठाखाली ठेवतच राहिले. पुढे दर महिन्याला दारावरची सेवेकरी बाई जुना डबा आतच राहू द्या, नवा ठेवून जा म्हणायची. आत मला त्याने पुन्हा बोलावलं नाही.

अंत्यदर्शनाला मी रांगेत उभी राहिले, अनोळखी बाईसारखी. आत हुंदके, फुलं, नामघोष. बाहेर फाटकापाशी काही जण आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो छातीशी धरून मुकाट उभे होते. त्यांच्यात मी कुंदाला शोधलं, आणि ती नाही असं बघून जीव भांड्यात पडला. शी! सख्खा भाऊ समोर निजलेला आणि माझं लक्ष ओळखीचं कोणी पाहत तर नाही ना, याकडे. त्याच्या डाव्या पायाला भगव्या कापडाची जाड पट्टी होती. पुढची बाई म्हणाली, "तपाची खूण हाय ते." मी पायाला हात लावला आणि पुढे सरकले.

दहा दिवसांनी तीच सेवेकरी बाई घरी आली. एकच डबा घेऊन. "बाकीचं पीठ लोकायनं प्रसाद म्हणून नेलं, मावशी. हा महाराजांच्या उशाशी होता, कोणाले देऊ देत नव्हते." ती गेल्यावर मी झाकण उघडलं. आत पीठ नव्हतंच. पिशव्याच पिशव्या होत्या, कुंदाची आई गेली त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याची एक, माझ्याच हातच्या गाठी तशाच. एकही सोडलेली नाही. डाव्या पायाची ती पट्टी कशाची होती, ते तेव्हा कळलं. वर कागदाच्या पुडीत साखरफुटाणे. त्याने प्रायश्चित्त घेतलं, की आपल्याच शब्दावर शेवटी विश्वास ठेवला, की माझ्यावर सूड उगवला? मला माहीत नाही. कोणी ठामपणे सांगितलं तर मी त्याच्याशी भांडेन. मला एवढंच कळतं की मरायला तो तयार झाला, पण चार माणसांसमोर एक वाक्य बोलायला नाही. आमच्या घराण्यात ते वाक्य कोणालाच जमत नाही.

दोन दिवस डबा कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी शाळेत नेला. मधल्या सुट्टीत कुंदाला रिकाम्या वर्गात बोलावलं, डबा बाकावर ठेवला आणि सगळं सांगितलं, पेढ्यापासून मागे मागे जात, एकही पायरी न गाळता. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ती एकेक पिशवी उचलून बघत होती, गाठ चाचपत होती. मग म्हणाली, "तू माझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं ना वं?" मी हो म्हटलं. "तुले माहीत होतं?" मी हो म्हटलं. घंटा वाजली, मुली आत यायला लागल्या. तिने झाकण लावलं आणि डबा उचलला. दारात थांबून, वळून न बघता म्हणाली, "लिहून काढ हे. अन् तू त्याची कोण होती, ते पहिले लिही."

म्हणून लिहिलं. मी सुमन, वसंताची मोठी बहीण. आज एवढ्या वर्षांनी हे वाक्य लिहिते आहे, आणि त्यात भावाच्या जाण्याचं दुःख किती नि माझी स्वतःची लाज किती, हे गणित मला सुटत नाही. तो वाईटच होता असं मी म्हणू शकत नाही. मागाजवळ बसून गोष्ट सांगणारा माझा वसंता मला रोज आठवतो, आणि आठवला की लगेच कुंदाच्या आईचा वाढणारा हात दिसतो. कुंदा आता खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते. काल शेवंताबाईंच्या हातून तिने डबा परत पाठवला. गोळ्या तिने ठेवून घेतल्या. डबा राखेने घासून, पुसून, लख्ख केलेला. मी झाकण उघडून बघितलं. मग बोट फिरवून बघितलं, कोपऱ्यात काही चिकटलंय का म्हणून. कणही नव्हता. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. कुंदाकडेही तीच रीत आहे.