फाटकावरची तीन अक्षरं

"मॅडम, ह्यात कुत्रं हाय. मी सही न्हाई करणार."

शंकरने पेन माझ्याकडे सरकवलं. कान्हे फाट्याजवळच्या एका कारखान्यात मी एचआर बघायचे. ट्रेनीला पर्मनंट करण्याआधी त्याचा इंग्रजी रिपोर्ट त्याला मराठीत वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची, अशी आमची पद्धत. पर्मनंट होणाऱ्यांची यादी त्याच संध्याकाळी पाचला हेड ऑफिसला जाणार होती. सही नसेल तर आणखी सहा महिने ट्रेनी. शंकर तेव्हाच चाळिशीला टेकलेला.

सुपरवायझरने त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'डॉगिड वर्कर'. मी घाईत 'मेहनती' म्हणून पुढे गेले होते. भाजे गावच्या या माणसाला काय कळतंय, असं मनात होतं, खोटं कशाला सांगू? पण शंकर आधी लोणावळ्याला एका बंगल्यावर दहा वर्षं माळी होता. फाटकावरची 'कुत्र्यापासून सावधान'ची इंग्रजी पाटी तोच पुसायचा. त्यातली डी-ओ-जी ही तीन अक्षरं त्याने कागदावर बरोब्बर ओळखली.

हेड ऑफिसच्या साहेबांना फोन लावला. ते वैतागले. म्हणाले, "अहो, समजूत काढा आणि सही घ्या!"

मला माझीच लाज वाटली. डिक्शनरी काढली, शंकरला खुर्ची दिली आणि खरं ते सांगितलं. शब्द कुत्र्यावरूनच आलाय. फार पूर्वी तो चांगला नव्हताच. तिरसट, अंगावर येणाऱ्या माणसासाठी वापरायचे. पुढे अर्थ बदलला. कुत्रं तोंडात धरलेलं सोडत नाही, तेवढंच लोकांनी उचललं. आता त्याचा अर्थ चिवट.

"मग आदी मेहनती का म्हनलात?"

"चुकलं माझं."

त्याने कागदावरच्या त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "बंगल्यावर कुत्रं सोफ्यावर बसायचं, मॅडम. मला चा मिळायचा फाटकाबाहेर. म्हनून लागलं."

मी सुपरवायझरला बोलावून घेतलं. तो तेलकट हातांनीच आला. प्रेस मशीनची तेलगळती तीन दिवस कुणाला सापडत नव्हती, शंकर जेवण सोडून मशीनखाली पडून राहिला आणि त्यानेच ती शोधली, हे त्याने सांगितलं. मग पेन घेऊन इंग्रजी ओळीखाली मराठीत लिहिलं, 'धरलेलं काम सोडत नाही.'

शंकरने एकेका अक्षराखाली बोट धरून ते वाचलं. परत एकदा वाचलं. मग सही केली.

यादी वेळेत गेली, शंकर पर्मनंट झाला. त्यानंतर ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला समोर बसवून वाचता येणार नाही, असं काही मी फाईलमध्ये लिहिलं नाही. माझे रिपोर्ट बरेच आखूड झाले.