राहेलमावशींनी अंगठा दिला नाही

राहेलबाई गायकवाड, आमच्या मिशन हॉस्पिटलातल्या स्त्री-वॉर्डच्या आया, यांच्यावर अन्याय झाला तो बहात्तर साली, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी बरोबर आठ वाजता. मॅट्रनबाईंनी अख्ख्या वॉर्डासमोर त्यांच्यापुढे कागद धरला : माझ्या निष्काळजीपणामुळे तीन पेशंटना गळवं झाली. खाली अंगठ्यासाठी जागा. अंगठा दिला तर ताकीद, नाही दिला तर नोकरी खलास!

मी त्याच वॉर्डात स्टाफ नर्स. गळू का होतं ते सांगते. आमची सिरिंज काचेची. एकीला टोचली की धुवायची, स्टरलायझरमध्ये, म्हणजे झाकणाच्या डब्यात, पाणी खळखळल्यापासून वीस मिनिटं उकळायची, मग दुसरीला वापरायची. कमी उकळली की जंतू सुईबरोबर आत जातात, दंड सुजतो, पू धरतो. वीस म्हणजे वीस. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच हे घोटून घेतात.

मग विसाची दहा कुणी केली? मॅट्रनबाईंनीच! दुष्काळात रॉकेल मिळेना, म्हणून महिनाभर आधी त्यांनी तोंडी हुकूम सोडला होता : स्टोव्ह दहा मिनिटांत बंद करायचा. मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "बाई, धा मिन्टात सुया उकळून व्हायच्या न्हाईत."

"तू डॉक्टर झालीस का?" एवढंच उत्तर मिळालं होतं.

मावशी अंगठा देईनात, तेव्हा दुपारी पाळकसाहेबांना बोलावलं.

"राहेलबाई, पवित्र आठवडा आहे," ते म्हणाले. "ख्रिस्ती माणसानं सौम्य असावं. वाद कशाला? अंगठा देऊन टाका."

"सौम्य म्हंजी काय ओ, पाळकसायेब?"

"म्हणजे... गरीब. गरीब स्वभावाचं."

"आमच्या जामखेडाकडं बैलाला म्हंत्यात, गरीब हाय. म्हंजी मारका न्हाई. पर औताला जुपला की वढतो. खालीच बसला तर त्याला कोन गरीब म्हनत न्हाई. बशा म्हंत्यात."

खाटेवरची एक पेशंट फिसकन हसली. पाळकसाहेब खाकरले. "उद्या सकाळपर्यंत विचार करा," म्हणाले आणि निघाले.

माझं डोकं भणाणलं होतं! चर्चच्या युवक संघात पत्रकं लिहून लिहून मी तयार झालेली. ड्यूटी संपताच अर्ध्या तासात एक ठोकलं : सौम्यतेच्या नावाखाली जुलूम! मॅट्रनबाईंना 'ढोंगी' तीनदा. तशीच मावशींच्या खोलीवर गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लई जोरात लिवलंस," मावशी म्हणाल्या. "पर पोरी, ह्यात तू कुटं हाईस?"

"मी?"

"डबा मी उतरवला. सुई कुनी टोचली?"

मी टोचली होती. तिघींनाही! हुकूम मी ऐकला होता, वीस मिनिटांचा धडा मला पाठ होता, आणि महिनाभर मी तोंड उघडलं नव्हतं. त्याला मी शिस्त समजत होते. निव्वळ भीती होती ती. बोलल्या होत्या त्या एकट्या मावशी, ज्यांना अक्षर वाचता येत नाही!

मंगळवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. कागद टेबलावर, शेजारी शाईचा पॅड. मावशी उभ्याच राहिल्या.

"डाक्टरसायेब, ज्या बायांचं दंड सुजलं त्यांची मी माफी मागते. मला घरी घालवा, माजं काय म्हननं न्हाई. पर अंगठा न्हाई द्यायची. मी दिला तर तुमी म्हनाल, चूक गावली. आन् उंद्या दुसरी आया बी धाच मिन्टं उकळंल."

आवाज जराही चढला नाही. मॅट्रनबाईंचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

"दहा?" डॉक्टर खुर्चीतून उठले. "दहा कुणी सांगितलं?"

मी पुढे झाले. "तसा हुकूम होता, डॉक्टर. मी ऐकला होता. आणि इंजेक्शनं मी दिली."

मॅट्रनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आपली नोकरी गेलीच! मग मान खाली घालून त्या म्हणाल्या, "हुकूम माझा होता."

डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली. वीस मिनिटांचा हुकूम स्वतः लिहिला आणि स्टोव्हच्या वर भिंतीला डकवला. रॉकेल कमी पडलं तर आधी ऑफिसातला चहाचा स्टोव्ह बंद, असंही त्यात घातलं. मावशी वॉर्डातच राहिल्या. लेखी ताकीद मिळाली मला, आणि ती रास्त होती. मावशींची माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

सौम्य माणूस स्वतःच्या मानासाठी भांडत नाही. पण दुसऱ्याच्या जिवाशी गाठ पडली की तो तसूभर हटत नाही. जे हटतात, त्यांना जामखेडाकडे दुसरं नाव आहे. ते मी महिनाभर मिरवलं.

वाचकहो, तुमच्या चर्चच्या मंडळीतही 'सौम्य हो' म्हणून गप्प केलेली एखादी बाई असेल. तुम्हाला ती ठाऊक आहे. येत्या रविवारी उपासना सुटली की तिच्याकडे जा. ती तेव्हा काय सांगत होती ते पुरतं ऐकून घ्या, आणि तिच्याबरोबर पाळकांच्या दारापर्यंत चालत जा. आणि तिथं, तुम्ही तेव्हा गप्प का बसलात, ते आधी सांगा!