तारा दोनदा बसली

डॉग युनिटला पोस्टिंग आली तेव्हा मी घरी अर्धंच खरं सांगितलं. काटोलजवळच्या आमच्या गावात फौजी म्हणजे बंदूक. मला मिळाली होती दीड वर्षाची लॅब्राडोर कुत्री, नाव तारा. "स्फोटकं शोधायच्या तुकडीत आहो," एवढंच फोनवर बोललो. दोन महिन्यांनी माझ्या बायकोने, सुनंदाने, फोटो पाहिला.

"काहून लपवलं जी? कुत्री सांभाळून राहिले तुम्ही तिथं?"

"ती मले सांभाळते," मी म्हणालो. तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

आता निवृत्त होऊन नागपुरात राहतो. कॉलनीतले लोक आपापली कुत्री घेऊन येतात. "काका, ऐकतच नाही हा. दोन फटके द्यायचे का?" त्यांना मी ताराची गोष्ट सांगतो, पण अर्धीच. उरलेली इथे लिहितो.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी काठी घेऊन गेलो. गावाकडे कुत्रं असंच वळवतात. आमचे उस्ताद, एक पहाडी सुभेदार, यांनी ती हातातून काढून घेतली.

"डंडे से कुत्ता चुप होता है. तुझे चुप कुत्ता चाहिए?"

स्फोटकं शोधणारं कुत्रं चूप बसलं तर काय होईल, हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

नियम साधा होता. वास सापडला की ताराने तिथेच खाली बसायचं. बसली की त्याच क्षणी माझ्या खिशातला रबरी चेंडू आणि शाबासकी. उशीर झाला की शाबासकी कशाची, ते तिला कळत नाही. आवाज उंच आणि लाडिक हवा. माझ्या मिशा आणि तो आवाज यांचा मेळ बसेना. मी "शाबाश बेटा" सुरू केलं की जवान चहाचे मग घेऊन ऐकायला यायचे. एकदा सुनंदाने ते फोनवर ऐकलं. "लग्नाले अकरा वर्षं झाले. मले बोलले का कधी असं?"

मैदानात बारा डबे मांडलेले असायचे. एकात स्फोटकाचा नमुना. तारा दर वेळी बरोबर बसायची. मी छाती फुगवून फिरत होतो. मग एके सकाळी उस्ताद म्हणाले, "सात नंबर में है." तारा सात नंबरला बसली. मी चेंडू दिला. उस्तादांनी डबा उघडला. रिकामा होता. बाराही रिकामे होते.

"कुत्ती पास है," ते म्हणाले. "तू फेल."

सातव्या डब्याजवळ पोहोचताच माझा उजवा हात आपोआप खिशाकडे जात होता. मला पत्ता नव्हता. ताराला होता. ती डब्याचा वास सोडून माझा खांदा वाचत होती. मी तिला वाचायला शिकतोय असं मला वाटत होतं, आणि तिने मला केव्हाच पाठ केलं होतं. ती चेंडू चावत होती.

पुढचा महिना माझे हात पाठीमागे बांधलेल्यासारखे. नमुना कुठे आहे हे मला सांगायचं नाही. चेंडू उस्तादांनी मागून फेकायचा. तारा माझ्याकडे बघायची सोडून पुन्हा नाकाने काम करू लागली.

त्यानंतर काश्मीर. रोड ओपनिंग पार्टी: रोज पहाटे रस्ता तपासायचा, मग आपल्या गाड्यांचा ताफा सोडायचा. तारा लांब दोरीवर सर्वांत पुढे, मागे मी, माझ्यामागे सात जवान.

त्या दिवशी ०७३५ वाजता रस्त्याखालून नाला जाणाऱ्या एका मोरीच्या अलीकडे तारा बसली.

मी खाली पाहिलं. थंडी होती. माझा उजवा हात खिशात होता.

ती वासावर बसली की माझ्या हातावर? चुकीचा इशारा दिला तर ताफा उघड्या वळणावर तास दोन तास उभा राहणार, कोणीही गोळ्या घालाव्यात असा. खरा इशारा सोडला तर पहिली गाडी मोरीवर जाणार. वायरलेस सेटवर आमचे कॅप्टन होते.

"क्या है? ओव्हर."

"सर, एक बार और चेक. ओव्हर."

"पाँच मिनट. ओव्हर."

मी तिला मागे घेतलं. दोरी कमरेला बांधली, हात पाठीमागे धरले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने तिला पुन्हा पाठवलं. 'एकदा सांगितलं ना' असा भाव चेहऱ्यावर आणणं माणसांनाच जमतं. ती पहिल्यासारखीच शेपूट हलवत गेली. मोरीच्या दगडांजवळ नाक थबकलं. ती बसली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"कन्फर्म, सर."

"पक्का?"

"पक्का."

ताफा मागे एका किलोमीटरवर थांबला. सात जवान आडोशाला गेले. मी हाक मारली, "तारा, आ!" ती उठली, वळली आणि माझ्याकडे धावत निघाली. कोणीतरी दुरून, हातात बटण घेऊन, आमच्यावर नजर ठेवून होतं. ०७५२ वाजता मोरी उडाली.

मी नाल्यात पडलो. दोन दिवस कानात शिट्टी होती. जवान सगळे ठीक. गाड्या ठीक. कमरेची दोरी मी हाताने ओढून घेतली. ती हलकी आली.

दुपारी कॅप्टननी रिपोर्ट लिहायला घेतला.

"पहली बार बैठी तभी क्यों नहीं बताया?"

"मेरा हाथ जेब में था, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नंतर लिहिलं ते एकच वाक्य: कुत्रीने दोन वेळा इशारा दिला, दोन्ही वेळा अचूक. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेमधली ती मिनिटं माझी होती. ती कोणत्याही रिपोर्टात नाहीत.

१६३० वाजता तिला केनेलमागे तिरंग्यात पुरलं. त्या सात जवानांनी खड्डा स्वतः खणला, दुसऱ्या कोणाला फावडं दिलं नाही. ताफ्यातले ड्रायव्हरही ओळीत उभे होते. त्यांतल्या बहुतेकांनी ताराला कधी जवळून पाहिलंही नव्हतं.

रात्रीच्या फोनवर सुनंदाला सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं, लाइन कटली.

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला.

"आंघोळ करून आली जी," ती म्हणाली. "पोरींलेही घातली. घरचं माणूस गेलं म्हटलं."