पत्र्यावरची मारामारी

थोरला काका गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचा. रुंद चाकं घासू नयेत म्हणून चाकावरच्या कमानीची कड आत वळवायची, तर तो आधी रंग गरम करी. थंड रंग तडकतो, अन् तड्यातून गंज शिरतो.

एकदा त्याच्या मेव्हण्याने घाईत थंड पत्र्यावरच हातोडा चालवला आणि तडे काळ्या रंगाखाली दडवले. काकाने नखाने रंग खरवडला अन् अशी ठेवून दिली की मेव्हण्याचा दातच पडला.

"दाजी, पत्र्यापायी जीव घेता का?"

"गिऱ्हाईक दारात आलंय. सांग त्याला, काय माती खाल्लीस!"

मेव्हण्याने सांगितलं. गिऱ्हाइकानेही त्याच्या मुस्काटात हाणली. तसा काकाने गिऱ्हाइकालाच उचलून आपटला.

"बायकोच्या भावाला मारीन तर मीच! रंग खरवडून प्रायमर मारतो. गाडी उद्या ने."